मेसेजमधून आकडा काढायचा कसा आणि तो खरा आहे हे तपासायचं कसं?



आजचा धडा थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी स्वतः बीबीए केलेली दुकानदार आहे, इंजिनिअर नाही. मला जमलं ते तुम्हालाही जमेल. कमांड कशी टाइप करायची ते व्हिडिओत पडद्यावर दाखवलंच आहे. या लेखात आपण त्यामागचा विचार समजून घेऊ. कमांड विसरली तर परत शोधता येते, पण विचार चुकला तर पैसे जातात. माझे गेले आहेत, म्हणून सांगते.

सातशे बेचाळीस किलोची गोष्ट

माझं दुकान बेगडेवाडीत आहे. पुणे–लोणावळा लोकलने येणाऱ्यांना माहीत असेल, देहूरोड सुटलं की पुढचं छोटं स्टेशन आमचं, त्यानंतर घोरावाडी आणि मग तळेगाव. मावळचा इंद्रायणी तांदूळ, शेंगदाणा आणि तिळाची चिक्की, पापड, मसाले असा माल आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्डर घेऊन विकतो. रोज रात्री ग्रुप वाचून वहीत आकडे उतरवायचे म्हणजे दीड तास जायचा. म्हणून मी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलं आणि एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. व्हॉट्सअ‍ॅपमधून चॅट एक्सपोर्ट करायचं, ती मजकुराची फाइल स्क्रिप्टला द्यायची, आणि स्क्रिप्टने किलोची बेरीज करून द्यायची. पहिले दोन महिने सगळं छान चाललं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात स्क्रिप्टने एकूण आकडा दिला, ७४२ किलो. खरं सांगू? मी खूश झाले. वाटलं, सणाची मागणी आहे, धंदा वाढला. तोच आकडा मी गिरणीला कळवला आणि किलोला ६० रुपयांप्रमाणे पैसेही पाठवले. टेम्पो दारात रिकामा व्हायला लागला तेव्हा सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, सातशे किलो? आपल्याकडून तांदूळ नेणारी घरं किती?"

"आई, ऑर्डरी आहेत तेवढ्या," मी म्हटलं आणि वही काढायला गेले. पण वहीच नव्हती. आता स्क्रिप्ट होती ना!

रात्री एकेक मेसेज हाताने वाचला. एका ताईंनी लिहिलं होतं, "इंद्रायणी ५ किलोच्या १० पिशव्या". म्हणजे ५० किलो. माझ्या स्क्रिप्टने अंक सोडून बाकी सगळं पुसलं, तेव्हा ५ आणि १० एकमेकांना चिकटले आणि झाले ५१० किलो. बाकी सगळ्या ऑर्डरी बरोबर होत्या. खरी बेरीज होती २८२ किलो. ४६० किलो तांदूळ जास्त आला, म्हणजे २७,६०० रुपये अडकले. ते पैसे मी दिवाळीच्या सुट्टीत चिक्कीचा माल भरायला ठेवले होते. तांदूळ संपायला फेब्रुवारी उजाडला, आणि चिक्कीचा तो सीझन हातचा गेला. गिरणीचा काही दोष नव्हता, मी मागितला तेवढा माल त्यांनी दिला.

यातून मी एक गोष्ट शिकले. आकडा कमी आला असता तर मी लगेच तपासला असता. तो मला हवा तसा मोठा आला, म्हणून तपासला नाही. म्हणून तपासणीचं काम आपल्या मूडवर सोडायचं नाही, ते स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवायचं.

आता एकेक पायरी बघू.

पायरी १ : आधी ओळ साफ करा, मग आकडा शोधा

एक्सपोर्ट केलेल्या चॅटमध्ये साधारणपणे प्रत्येक मेसेजच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव येतं. नंबर सेव्ह केलेला नसेल तर नावाच्या जागी मोबाइल नंबर येतो. "ओळीतला पहिला आकडा घे" असं स्क्रिप्टला सांगितलं तर तिला तारखेतला दिवस मिळणार. ८ तारखेला सगळ्यांनी ८ किलो मागवले असं दिसेल!

म्हणून आधी तारीख, वेळ आणि नाव बाजूला काढा आणि उरलेल्या मजकुरावरच काम करा. तुमच्या फोनवरची फाइल एकदा उघडून डोळ्यांनी बघा, कारण तारीख लिहायची पद्धत फोनप्रमाणे बदलते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कुणी चार ओळींचा मेसेज लिहिला असेल तर तारीख फक्त पहिल्या ओळीला असते. खालच्या तीन ओळी तिच्याशी जोडून घ्याव्या लागतात, नाहीतर त्या ऑर्डरी बेवारस होतात.

पायरी २ : देवनागरी अंक बदलून घ्या

आपले ग्राहक मराठीत लिहितात. कुणी मराठी कीबोर्डवरून ५ लिहितं, कुणी इंग्रजी कीबोर्डवरून. आपल्याला दोन्ही पाचच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना स्वतंत्र क्रमांक आहेत. बॅशला गणितात फक्त इंग्रजी अंक कळतात.

तेव्हा सगळ्यात आधी दहाही देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक आणायचे. इथे एक खड्डा आहे. अक्षरं बदलण्यासाठी बहुतेक जण टीआर ही कमांड वापरतात. लिनक्सवर नेहमी मिळणारी टीआर एकेक बाइट बदलते, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अंक ३ बाइटचा असतो. त्यामुळे मजकुराचा पार चिवडा होतो. त्याऐवजी सेड या कमांडमधली अक्षराला अक्षर बदलणारी सोय वापरा. व्हिडिओत मी तीच वापरली आहे. फक्त मशीनची भाषा-सेटिंग यूटीएफ-८ वर आहे ना, ते बघून घ्या.

पायरी ३ : आपले शब्द, म्हणजे दीड, अडीच आणि पावणेदोन

इंटरनेटवर शिकवलेल्या युक्त्या इथे संपतात. कारण मराठी माणूस "२.५ किलो" लिहितच नाही, "अडीच किलो" लिहितो. म्हणून शब्दांची एक यादी करून ठेवा आणि वजन किलोत न ठेवता ग्रॅममध्ये ठेवा :

- पाव किलो : २५० ग्रॅम
- अर्धा किलो : ५०० ग्रॅम
- पाऊण किलो : ७५० ग्रॅम
- सव्वा किलो : १,२५० ग्रॅम
- दीड किलो : १,५०० ग्रॅम
- पावणेदोन किलो : १,७५० ग्रॅम
- अडीच किलो : २,५०० ग्रॅम
- साडेतीन किलो : ३,५०० ग्रॅम

ग्रॅम का? कारण बॅशच्या गणितात अपूर्णांक नसतात, फक्त पूर्णांक असतात. सगळं सगळ्यात लहान मापात ठेवलं की अपूर्णांकाची गरजच राहत नाही. पैशांचंही तसंच, हिशोब पैशांत करा आणि शेवटी रुपये दाखवा.

यादी वापरताना दोन नियम पाळा.

पहिला, मोठा शब्द आधी बदला. "दीडशे" मध्ये "दीड" आहे, "अडीचशे" मध्ये "अडीच" आहे. लहान शब्द आधी बदलला तर "दीडशे पापड" चं भलतंच काहीतरी होतं. १५० पापड मागवणाऱ्या बाईंना दीड पापड पाठवायचा का?

दुसरा, शब्द पूर्ण जुळला तरच बदला. माझ्या पहिल्या स्क्रिप्टने "विचारून सांगते" या मेसेजमधून ४ काढले होते, कारण "विचारून" मध्ये "चार" लपलेला आहे. कार्ल्याच्या एकवीरा आईच्या नावाच्या सोसायट्या आणि दुकानं आमच्या भागात खूप. "एकवीरा" मध्ये "एक" आहे. "सातारा" मध्ये "सात". शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचं टोक असेल तरच तो आकडा धरायचा.

पायरी ४ : एकक बघून आकडा उचला

आता मुख्य काम. "अंक सोडून सगळं पूस" ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात धोक्याची युक्ती आहे, ५१० किलोची गोष्ट तिथूनच झाली. त्याऐवजी ग्रेपला "जुळलेला तेवढाच भाग वेगळ्या ओळीवर दे" असं सांगा. मग ५ आणि १० दोन वेगळ्या ओळींवर येतात, चिकटत नाहीत.

पण एवढ्याने भागत नाही. "फ्लॅट ३०२, चिक्की ४ पाकिटं" यातून दोन आकडे निघतात आणि पहिला आकडा पत्त्याचा आहे. म्हणून आकड्याच्या मागून एकक आलंच पाहिजे अशी अट घाला : किलो, ग्रॅम, पाकीट, पिशवी, डबा, डझन. एककाशिवायचा आकडा ऑर्डर नाही.

स्वल्पविरामाचं काय? "१,२५०" मधला स्वल्पविराम काढायचा, पण "५,१० पाकिटं" मधला नाही, कारण तिथे पाचची आणि दहाची अशी दोन पाकिटं असू शकतात. आपल्या पद्धतीत शेवटच्या स्वल्पविरामानंतर बरोबर तीन अंक असतात आणि त्याआधी दोन-दोनचे गट, जसं १,२५,०००. ही रचना जुळली तरच स्वल्पविराम काढा. जुळली नाही तर तो मेसेज माणसाने बघायचा.

पायरी ५ : तपासणीचे पाच प्रश्न

आकडा निघाला म्हणजे काम झालं असं नाही. हिशोबात जाण्याआधी प्रत्येक आकड्याला हे पाच प्रश्न विचारा, आणि याच क्रमाने.

*एक : रिकामं आहे का, आणि आत अंकांशिवाय काही आहे का?*

बरेच जण "यात अंक आहे का?" असं तपासतात. "१२अ" मध्येही अंक आहे! प्रश्न उलटा विचारा. आत अंक नसलेलं एक जरी अक्षर असेल तर नापास, रिकामं असेल तरी नापास. उरेल तो पूर्णांक. शेलमधल्या केस या रचनेत हे दोन ओळींत होतं आणि बॅश नसलेल्या साध्या शेलमध्येही चालतं. नमुना जुळवून तपासणार असाल तर सुरुवातीचं ^ आणि शेवटचं $ ही दोन चिन्हं विसरू नका, म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं जुळावं लागतं.

वजाचं चिन्ह तर नकोच. "इंद्रायणी -५ किलो" मधली ती रेघ वजाबाकी नाही, लिहिणाऱ्याची सवय आहे. ऑर्डर उणे कधीच नसते.

ही तपासणी टाळली तर काय होतं, तेही सांगते. साध्या चौकोनी कंसातल्या तुलनेत आकड्याच्या जागी शब्द आला तर शेल पडद्यावर तक्रार करतं, पण स्क्रिप्ट थांबत नाही. "अट खरी नाही" असं समजून ती पुढच्या फांदीवर जाते. दुहेरी चौकोनी कंसात तर आणखी वाईट. तिथे अनोळखी शब्द एखाद्या व्हेरिएबलचं नाव समजला जातो, आणि त्यात काही नसेल तर तो शून्य धरला जातो, तेही तक्रार न करता. बाहेरून आलेला मजकूर तपासल्याशिवाय बॅशच्या गणितात घातला तर त्यात लपवलेली कमांडसुद्धा चालू शकते. तुमच्या ग्रुपवरचे सगळे लोक भले असतील, पण दाराला कडी तरी लावालच ना?

*दोन : किती अंकी आहे?*

बॅशचं गणित नेहमीच्या मशीनवर ६४ बिटांत चालतं. सगळ्यात मोठा आकडा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७, म्हणजे १९ अंकी. त्यापुढे गेलात तर बॅश तक्रार करत नाही, आकडा गुपचूप उणे होतो. तुमच्या दुकानात एवढे किलो कुणी मागणार नाही, पण दोन मोबाइल नंबर एकमेकांना चिकटले की २० अंक होतात. म्हणून आधी लांबी मोजा. माझ्याकडे किलोसाठी तीन अंकांपेक्षा मोठं काहीही नापास.

*तीन : पुढे शून्य आहे का?*

हा खड्डा भल्याभल्यांना पाडतो. बॅशच्या गणितात आकड्याच्या पुढे शून्य असलं तर तो आठच्या पाढ्यातला, म्हणजे अष्टमान पद्धतीचा समजला जातो. ०१० लिहिलं तर दहा नाही, आठ होतात. ०१२ चे दहा होतात. आणि ०८ किंवा ०९ आलं तर स्क्रिप्ट चुकीचा संदेश देते, कारण अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नाहीत.

याची गंमत तारखांत दिसते. महिना दोन अंकी लिहून गणित करणारी स्क्रिप्ट जानेवारीपासून जुलैपर्यंत सुरळीत चालते, ऑगस्टमध्ये बंद पडते, सप्टेंबरमध्येही बंद, आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप बरी होते! वजनकाट्याच्या पावतीचंही तेच. २.०५० किलोमधले शेवटचे ०५० ग्रॅम वेगळे काढून गणितात घातले तर ५० च्या जागी ४० ग्रॅम मोजले जातात. चूक बारीक असते, म्हणून महिनोन्महिने सापडत नाही.

उपाय सोपा आहे. पुढची शून्यं काढून टाका (सगळीच शून्यं असतील तर एक राहू द्या), किंवा बॅशला स्पष्ट सांगा की हा दहाच्या पद्धतीतला आकडा आहे. त्यासाठी आकड्याआधी दहा आणि # चिन्ह लावतात. मात्र हे पहिल्या प्रश्नात पास झालेल्या आकड्यालाच लावायचं.

*चार : आपल्या दुकानाच्या मर्यादेत आहे का?*

याला मी "आईंचा प्रश्न" म्हणते. तपासणी पास झालेला आकडा खरा असेलच असं नाही. ५१० हा शंभर टक्के शुद्ध पूर्णांक होता! म्हणून प्रत्येक वस्तूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा ठरवा. माझ्याकडे घरगुती ऑर्डर पाव किलोपेक्षा कमी नाही आणि १०० किलोपेक्षा जास्त नाही. तांदूळ पाव किलोच्या पटीतच विकतो, म्हणून ग्रॅमला २५० ने भागून बाकी शून्य यायला हवी. मर्यादेबाहेरची ऑर्डर मी नाकारत नाही, फोन करून विचारते. खरंच लग्नघर निघालं तर आनंदच आहे.

*पाच : एकूण बेरीज पटते का?*

शेवटी आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांशी ताडून बघा. दीडपटीपेक्षा जास्त किंवा निम्म्यापेक्षा कमी आली तर स्क्रिप्टने थांबायचं आणि सगळ्यात मोठ्या पाच ऑर्डरी दाखवायच्या. त्या दिवाळीत ही एक ओळ असती तर ५१० सगळ्यात वर दिसले असते.

नापास झालेल्या मेसेजचं काय करायचं?

इथे नवीन लोक दोन चुका करतात. एक म्हणजे नापास आकड्याच्या जागी शून्य टाकतात. मग त्या ग्राहकाला माल जातच नाही आणि आपल्याला कळतही नाही. दुसरी म्हणजे स्क्रिप्टला अंदाज करायला लावतात. "दोन-तीन किलो पाठवा" याचे दोन की तीन, हे स्क्रिप्टने ठरवायचं नाही आणि मीही नाही. ते ग्राहकाने ठरवायचं.

मी तीन फाइल ठेवते : "पास", "बघायचं" आणि "ऑर्डर नाही". प्रत्येक ओळीत काढलेल्या आकड्याशेजारी मूळ मेसेज जसाच्या तसा असतो, म्हणजे शंका आली की लगेच ताडून बघता येतं. आणि रोज एक ताळा करते : आलेले मेसेज बरोबर पास अधिक बघायचं अधिक ऑर्डर नाही. ताळा जुळला नाही तर कुठेतरी मेसेज गळाला. बीबीएला ताळेबंद शिकलो होतो ना, तोच हा!

प्रत्येक अंकांची रांग म्हणजे आकडा नव्हे

आता एक महत्त्वाचा फरक. ज्याची बेरीज करण्यात अर्थ आहे तो आकडा. ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही तो ओळख क्रमांक, आणि तो मजकूर म्हणूनच ठेवायचा. दोन ग्राहकांच्या मोबाइल नंबरची बेरीज कुणी करतं का?

ओळख क्रमांकांचे नियम वेगळे असतात :

- मोबाइल नंबर : १० अंक, पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९.
- पिनकोड : ६ अंक, पहिला अंक शून्य नसतो. महाराष्ट्र आणि गोव्याचा ४ ने सुरू होतो. लोणावळ्याचा ४१०४०१. लोक तो "४१० ४०१" असा मध्ये जागा सोडून लिहितात, तेव्हा इथे जागा काढून अंक जोडणंच बरोबर. किलोच्या बाबतीत जी चूक होती ती इथे दुरुस्ती आहे, म्हणून दोन्हींना एकच नियम लावू नका.
- एफएसएसएआय क्रमांक : १४ अंक. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी हा पाठच करावा.
- जीएसटी क्रमांक : १५ अक्षरं, अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो.
- यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांक : १२ अंक.

हे क्रमांक एक्सेलमध्ये नेताना रकाना आधी "टेक्स्ट" करा. नाहीतर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं, १२ अंकी क्रमांक भलत्याच रूपात दाखवतं, आणि १५ अंकांनंतरचे अंक शून्य करून टाकतं. एकदा गेलेला अंक रकाना बदलून परत येत नाही.

काही क्रमांक स्वतःची तपासणी स्वतःच घेऊन येतात. पाकिटावरचा १३ अंकी बारकोड बघा. त्याचा शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो. उदाहरण म्हणून ८९०१२३४५६७८९० हा नमुना घेऊ. पहिला, तिसरा, पाचवा असे एक आड एक अंक मिळवले : ८+०+२+४+६+८ = २८. मधले अंक मिळवून तिप्पट केले : ९+१+३+५+७+९ = ३४, तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला किती कमी? शून्य. म्हणून शेवटचा अंक ०. आता घाईत कुणी १२ च्या जागी २१ टाइप केलं तर बेरीज १३२ होते, शेवटचा अंक ८ यायला हवा, आणि चूक पकडली जाते. हे सगळं पूर्णांकांचंच गणित आहे, बॅशमध्ये सहज होतं.

गुणाकार आधी, भागाकार नंतर

आकडा पास झाला, आता बिल करायचं. अडीच किलो, म्हणजे २,५०० ग्रॅम, दर किलोला ६४ रुपये. आधी १,००० ने भागलं तर बॅश २ देतं, वरचा अर्धा टाकून देतं. २ गुणिले ६४ म्हणजे १२८ रुपये. आधी गुणलं तर १,६०,००० आणि मग भागिले १,००० म्हणजे १६० रुपये. एका बिलात ३२ रुपयांचा फरक! स्क्रिप्ट तीच, आकडे तेच, फक्त क्रम बदलला.

ही पद्धत कॉम्प्युटरच्या आधीची आहे

चेक लिहिताना रक्कम अंकांत आणि अक्षरांत दोनदा का लिहितो? अंकांत एक शून्य सहज वाढतं, अक्षरांत वाढत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, १८८१ च्या कलम १८ मध्ये तर स्पष्ट आहे, दोन्हींत फरक असेल तर अक्षरांतली रक्कम धरायची.

मी तेच ग्राहकांसाठी करते. रोज संध्याकाळी प्रत्येकाला उलट मेसेज जातो : "ताई, तुमची ऑर्डर : इंद्रायणी ५० किलो, अक्षरी पन्नास किलो, ५ किलोच्या १० पिशव्या. बरोबर आहे ना?" दहा सेकंदांत उत्तर येतं. स्क्रिप्टची चूकही इथे सापडते आणि ग्राहकाची स्वतःचीही. गिरणीला आकडा त्यानंतरच जातो, आणि जाण्याआधी तो मी आईंना मोठ्याने वाचून दाखवते. त्या फक्त "बरं" म्हणतात. पण त्या "बरं"ची मला गरज वाटते.

गृहपाठ

ही नऊ वाक्यं एका फाइलमध्ये लिहा. आधी उत्तरं कागदावर काढा, मग स्क्रिप्ट चालवा.

१. इंद्रायणी ५ किलोच्या १० पिशव्या
२. अडीच किलो इंद्रायणी, नवीन असेल तरच
३. विचारून सांगते
४. एकवीरा सोसायटी, फ्लॅट ३०२, शेंगदाणा चिक्की ४ पाकिटं
५. दोन-तीन किलो पाठवा
६. तांदूळ ०८ किलो
७. काल ५ म्हटलं होतं, ७ करा
८. १,२५० रुपये पाठवले
९. तांदूळ १/२ किलो

उत्तरं अशी यायला हवीत : पहिल्याचे ५०,००० ग्रॅम, दुसऱ्याचे २,५०० ग्रॅम, चौथ्याची ४ पाकिटं, सहाव्याचे ८,००० ग्रॅम. तिसरा आणि आठवा "ऑर्डर नाही" मध्ये, आठवा पुढे जमेच्या हिशोबात जाईल. पाचवा आणि सातवा "बघायचं" मध्ये. नववा तुम्ही "१/२" ला यादीत घातलं असेल तर ५०० ग्रॅम, नसेल तर "बघायचं". दोन्ही चालेल, पण २ किलो आले तर चालणार नाही.

स्क्रिप्टमध्ये काहीही बदल केला की ही फाइल परत चालवा. नवीन प्रकारची चूक सापडली की ते वाक्य दहावं, अकरावं म्हणून यादीत जोडा. माझी यादी आता साठच्या वर गेली आहे, आणि त्यातलं पहिलं वाक्य अजूनही त्या ५ किलोच्या १० पिशव्यांचंच आहे.

पुढच्या व्हिडिओत याच "पास" फाइलवरून पिशव्यांवर चिकटवायची लेबलं कशी छापायची ते बघू. तोपर्यंत तुमच्या ग्रुपचं एका दिवसाचं चॅट घ्या, हाताने मोजा, स्क्रिप्टने मोजा आणि दोन्ही ताडून बघा. जुळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, माल मागवायच्या आधी कळलं हे बरंच झालं.

भेटू पुढच्या धड्यात. धंद्याला शुभेच्छा!